बिनरंगाचं अंगडं

मेंढरं, मडकी आणि टकळ्या बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. माळावर ठकूबाई धनगरीण राहायची. टकळीवर लोकर कातायची, डाळिंबाच्या सालीत पिवळी रंगवायची, बांबूच्या सुयांवर विणायची. बोटांतून धागा निघाला की मनाशीच हसायची. तिच्या रंगाच्या मडक्याला मात्र भारी ताठा होता.

एकदा एक कोकरू पोरकं झालं. मोरी मेंढीचं पिल्लू नुकतंच गेलं होतं, कासेत दूध होतं. पण परकं कोकरू जवळ आलं की ती ढुशी मारायची. कोकरू दोन दिवस उपाशी होतं.

ठकूबाईने मोरीचीच लोकर न धुता कातली आणि न रंगवताच तिचं कोकरासाठी अंगडं विणायला घेतलं.

मडकं रुसलं. "म्हातारे, असलं मळकं अंगडं कोण बघंल?"

"बघायला नाही रे बाबा, हुंगायला आहे," दमलेली टकळी म्हणाली. "गप बस जरा."

अंगडं घालून कोकरू मोरीपाशी गेलं. तिने हुंगलं, पुन्हा हुंगलं. वास तिचाच होता. ती थोडी सरकली आणि कोकरू कासेला लागलं.

 मग मडकं हळूच म्हणालं, "ठकूबाई, त्या अंगड्याला एक पिवळा गोंडा लावू. आज नको. कोकरानं दूध सोडलं की मग."