बिननावाच्या कुत्र्यांचा कायदा

एका राज्यात, जिथे डोंगर बोलत आणि पक्षी निवाडे सांगत, तिथे रत्नध्वज राजाला कुत्र्यांच्या झुंजींचा भारी नाद होता. दर पंचमीस आखाडा भरे, कुत्री एकमेकांना फाडीत आणि शहाणीसुरती माणसे टाळ्या पिटीत. झुंजीच्या कुत्र्याला नाव द्यायचे नाही, असा तिथला रिवाज. आणि कायदा म्हणे, ज्याला नाव नाही त्याच्यावर अन्याय होतच नाही. काय सोयीचा कायदा!

आखाड्यामागे साळू राही. जखमी कुत्र्यांना टाके घालणे हे तिचे काम. बरी झाली की ती पुन्हा झुंजीला जात. एक तांबडा कुत्रा मात्र तिने घरात दडवला. एकट्या बाईला तेवढाच सोबती. शिपायांनी त्यालाही ओढून नेले. आखाड्यात त्याचा पाय मोडला तेव्हा त्याने असा टाहो फोडला की राज्यावर शाप पडला. गाई रानात गेल्या, घोड्यांनी पाठ फिरवली, चिमण्यांनी घरटी सोडली. तांबडाही लंगडत निघून गेला.

साळूला घर खायला उठे. एकटे वाटे, आणि त्याहून अधिक लाज वाटे.

एके सकाळी बाभळीवरून भारद्वाज बोलला, "साळू, तीन कामे कर. कपाली जादूगाराकडून ताम्रपट आण. त्यावरच्या कायद्याला राजाचा शिक्का घे. आणि पहिला गुन्हेगार आपल्या पायांनी सजेला येऊ दे."

"मग माझा तांबडा परत येईल?"

"राज्यात येईल," एवढेच बोलून पक्षी उडाला.

साळू सात डोंगर चालली. कपाली गुहेच्या तोंडाशी बसला होता. "कुत्र्यांची नावे सांग," तो म्हणाला. "नावाविना पट उमटत नाही."

साळूला नावे कुठून ठाऊक असणार? तिला जखमा ठाऊक होत्या. एकेक जखम आठवून ती नाव देत गेली. कान फाटलेला मोरू. गळ्यावर सतरा टाके घेतलेली पिंगळी. तीन दिवस ती बोलत होती आणि नावागणिक अक्षरे उमटत होती. शेवटी तांबड्याला तिने शेंदऱ्या म्हटले आणि ती हमसून हमसून रडली.

"आता सजा सांग," कपाली म्हणाला.

तिने डोळे पुसले आणि सजा सांगितली.

दरबारात पट वाचला गेला. "जो झुंज लावील, तिला हातभार लावील वा ती हौसेने पाहील, त्याला बारा वर्षे हद्दपारी. उभ्या जन्मात त्याच्या दारी जनावर राहणार नाही."

प्रधान म्हणाला, "बाई, आजवर कुत्रे मेले की एक नारळ फोडून भागत होते."

"म्हणून तर झुंजी थांबल्या नाहीत."

राजा म्हणाला, "हा कायदा मलाही लागेल. माझा घोडा मला पुन्हा मिळणार नाही."

"आज तरी तो कुठे आपल्यापाशी आहे, महाराज?"

राजाने शिक्का उठवला आणि मुकुट लेकीच्या हाती दिला. "पहिला गुन्हेगार कोण?" लेकीने विचारले. सारी सभा जमिनीकडे पाहू लागली.

"मी," साळू म्हणाली. "मी टाके घातले म्हणून कुत्री पुन्हा आखाड्यात गेली."

त्याच क्षणी शाप सुटला. रानातून गाई हंबरत आल्या, तबेल्यांत घोडे शिरले. साळूमागोमाग राजाही सजेला उभा राहिला.

हद्दीच्या नदीवर शिपाई साळूला पोचवायला गेला, तोच शेंदऱ्या लंगडत धावत आला आणि तिच्या पायांशी लोळू लागला. शिपायाचे मन द्रवले. "बाई, मी तिकडे तोंड करतो. घेऊन जा त्याला."

साळूने कुत्र्याला पोटाशी धरले. मग त्याला शिपायाच्या हाती दिले.

"आज माझ्यासाठी तोंड फिरवलेस, तर उद्या आखाडेवाल्यासाठीही फिरवशील. याला धर. शेंदऱ्या म्हणून हाक मारीत जा."

ती पाण्यात उतरली. शेंदऱ्या काठावर भुंकत राहिला. आखाड्यात गवत वाढले, राज्य सुखी झाले, आणि साळूच्या झोपडीत जन्मभर दुसरे कुणी राहिले नाही.