ठकू कुंभारणीने थांबवलेला रहाट

एका राज्यात, जिथल्या राजाला उठता-बसता एकच धास्ती होती की पृथ्वी फिरायची थांबेल, तिथे ठकू नावाची एक कुंभारीण राहत होती.

त्या राज्याच्या डोंगरात बारा दांड्यांचा अजस्र रहाट होता. एकेका दांडीला एकेक माणूस जुंपलेला. हा रहाट फिरतो म्हणून पृथ्वी फिरते, असं अघोरदत्त मांत्रिकाने तीनशे वर्षांपूर्वी सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दांडीला हात लावला की तळवा तिथेच चिकटे, आणि जिवंतपणी रहाट थांबेल तेव्हाच सुटेल, असा शाप. पण थांबवणार कोण? थांबला तर सूर्य माथ्यावर खिळेल, शेतं करपतील, पलीकडची दुनिया काळोखात गोठेल! वर्षभरात माणूस झिजून मरे. मग पुढच्या घरातल्या माणसाला हळदकुंकू लावून वाजतगाजत वर नेत. आणि त्याच्या घरचे रडायचं सोडून मिरवत! असा हा शहाण्यांचा देश.

ठकूचा नवरा सोनबा जुंपला गेला त्याला आठ महिने झाले होते. एकदा ती भाकरी घेऊन वर गेली, तर तिशीतल्या माणसाचे केस पांढरेफटक. चालता चालता तिने त्याला घास भरवला. घरी येऊन तिने काठीने चाक गरगरा फिरवलं, काठी बाजूला टाकली आणि दोन्ही हात मातीला लावले. चाक आपलं फिरतच होतं. रोजच फिरायचं, पण आज तिने ते पाहिलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच, मातीच्या हातांनी, ती दरबारात शिरली.

"महाराज, पृथ्वी कोणी ढकलत नाही. माझा नवरा परत द्या."

राजा गडबडला. शेजारी बसलेला, तीनशे वर्षांनंतरही तरणाबांड असलेला अघोरदत्त मांत्रिक हसला. "कुंभारणी, तीन गोष्टी करून दाखव. चुकलीस तर सोनबानंतर ती दांडी तुझी."

"बोल," ठकू म्हणाली. त्याला अहोजाहो करायला ती मुळीच तयार नव्हती.

"पहिली गोष्ट. पुन्हा न ढकलता चाक फिरतं ठेव."

ठकूने चाक मागवलं, एकदाच फिरवलं, काठी राजाच्या पायाशी टाकली आणि भरदरबारात मडकं घडवलं. मडकं उतरवलं तरी चाक फिरतच होतं.

"पण शेवटी थांबलंच ना?" मांत्रिक गरजला. "दुसरी गोष्ट. एका धक्क्यात ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरव."

ठकू विचारात पडली. तेवढ्यात सिंहासनामागच्या पिंजऱ्यातला म्हातारा गरुड बोलला. हा गरुड एकदा आभाळाच्याही वर जाऊन आला होता, म्हणूनच मांत्रिकाने त्याला कोंडलं होतं. "बाई, तुझं चाक थांबतं ते खालच्या खुंटीला घासून, वाऱ्याला अडून. वर वाराही नाही अन् खुंटीही नाही. दार उघड, मी नेतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ठकूने पिंजरा उघडला. गरुडाने तिला पाठीवर घेतलं, चाक पंजात धरलं आणि उडाला. वर तिने श्वास कसा घेतला, ते मला विचारू नका. गोष्ट मी सांगतोय! चाकाला एक धक्का दिला आणि ती खाली आली. राजाच्या, दूरचं दाखवणाऱ्या बिलोरी आरशात सगळा दरबार ते चाक पाहत बसला. दुपार झाली, दिवस बुडाला, चाक पहिल्याच वेगाने फिरत होतं.

मांत्रिकाचं तोंड काळंठिक्कर पडलं. "तिसरी गोष्ट. उद्या भरदुपारी रहाट थांबव. सूर्य ढळला नाही, तर जग बुडवल्याचं पाप तुझ्या माथी."

"कबूल," ठकू म्हणाली.

दुपारी राजासकट सारं राज्य डोंगरावर लोटलं. रहाट करकरत फिरत होता. बारा जणांत सोनबा सगळ्यांत जुना, बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहत. आणि तोच अडून बसला.

"ठके, वेड लागलंय का तुला? आम्ही थांबलो तर पोरंबाळं करपून मरतील."

"अहो, तुम्ही फिरवत नाही पृथ्वीला. जन्मताना तिने गिरकी घेतली, तीच अजून चालू आहे. अडवायला काही नाहीच, तर ती थांबेल कशाला?"

सोनबा चालता चालता अडखळला. "मग आठ महिने मी काय केलं?"

सकाळ आपण आणतो, एवढ्याच समजुतीवर हा माणूस जगला होता, हे तिला ठाऊक होतं. "फुकट राबलात," ती म्हणाली. "फसवलं तुम्हाला."

सोनबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. मग त्याचं डोकं असं सणकलं म्हणता! "थांबा रे!" तो ओरडला आणि त्याने टाचा रोवल्या. चोवीस पाय जमिनीत रुतले. रहाट किंचाळला आणि थांबला.

राजाने डोळे गच्च मिटले. सगळ्यांच्या सावल्या पायाशी गोळा झाल्या होत्या. जो तो आपल्या सावलीकडे पाहत राहिला. मग एका म्हातारीने बोट दाखवलं. तिची सावली पूर्वेकडे सरकली होती. आधी बोटभर, मग वीतभर.

"सरकली! अगं बाई, सरकली!"

बारा जोड्या तळवे सुटले. रहाटाच्या फेऱ्यांतून चोरलेलं आयुष्य मांत्रिकाच्या अंगातून निघालं, तीनशे वर्षं त्याच्यावर एकदम कोसळली, आणि जागेवर चिमूटभर राख उरली. सोनबाचे केस पुन्हा काळे झाले.

राजा मान खाली घालून म्हणाला, "बाई, मी घाबरलो होतो."

"घाबरलात तुम्ही महाराज, पण मेले आमचे!"

राजाने कुऱ्हाड मागवली आणि रहाटावर पहिला घाव स्वतः घातला. गेलेल्यांच्या घरी तो पायी गेला, दारोदार माफी मागितली. राज्यात वाजतगाजत माणसं नेणं बंद झालं.

त्या दिवशी घरी आल्यावर सोनबाने आपल्या मोकळ्या हातांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "उद्या उजाडेल ना गं?"

"उजाडेल. झोपा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सूर्य वेळेवर उगवला. सोनबा तेव्हा घोरत होता.