धुरपदा तांबटीण आणि खणखणणारी पानं

फार फार मागची गोष्ट, आपल्या पणजोबांनीही नुसती ऐकलेली. तांबटमाळावर तेव्हा घरोघरी भट्ट्या होत्या. तांबं वितळवलं की काळा कीट उरायचा, तो सगळे खुशाल परसात फेकायचे. तीन पिढ्यांत तो मातीत मुरला. वांगी लागायची तेलकट तुकतुकीत, पण ती खाऊन लेकरं वाळत जायची.

धुरपदा तांबटिणीची दोन नातवंडं अशीच गेली. तिसऱ्यांदा पोटुशी राहिलेली लेक येसू गाव सोडून निघाली. म्हणाली, "आये, हितलं वांगं माझ्या लेकराला बिनघोर घालता येईल, तवाच सांगावा धाड."

धुरपदेनं ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या फांद्या आणून परसात रोवल्या. लोक हसले. "म्हातारे, झाडं कीट खात्यात व्हय?"

"भट्टीचं घाण पाणी आपण वढ्यात सोडतो," ती म्हणाली, "तरी वाळुंजाच्या मुळाशी मासळी जगती. मी बघितलंय."

झाडं वाढली. असं म्हणतात, शिशिरात त्यांची पानं गळायची ती तांब्याच्या पत्र्यासारखी खणखणत. पलीकडच्या गावाला वाटायचं, तांबट आज पहाटेच कामाला बसले!

पण आपलीच माणसं ती! फुकटचं सरपण कोण सोडतो? सातव्या वर्षी त्यांनी वाळुंजाचा पाला न् फांद्या होळीत घातल्या. होळी मोरपिशी पेटली. सगळ्यांनी हात जोडले, आणि ती राख प्रसाद म्हणून शेता-परसात टाकली.

धुरपदा धावत आली. "आरं, झाडानं वर काढलं ते तुमी परत खाली घातलंत!"

सात वर्षं मातीत गेली. ती ढसाढसा रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फांद्या रोवायला गेली. या खेपेला पान न् पान वेचून तिनं दगडी पेवात बंद केलं. आणखी सात वर्षांनी वांगी धरली, तेव्हा पहिलं वांगं तिनं स्वतः चावडीवर भाजून खाल्लं. लोक अडवायला धावले तर म्हणाली, "मला काय, मी पिकलं पान." मग महिनाभर रोज एक खाल्लं. काही झालं नाही.

मग सांगावा गेला. येसू आली ती तिच्या खांद्याएवढी झालेली लेक घेऊन. पोरीनं आजीच्या ताटातलं वांगं उचललं आणि बिनघोर खाल्लं.

आजही तांबटमाळावर होळीत वाळुंजाची काडी पडत नाही. पाला पेवात जातो. आणि नव्या वाफ्यातलं पहिलं वांगं गावातली सगळ्यांत थोरली बाई चावडीवर बसून खाते. खाण्याआधी म्हणते, "मला काय, मी पिकलं पान." महिनाभर गाव तिच्या तोंडाकडे बघत राहतं. महिना सुखाचा सरला, की सासरी गेलेल्या लेकींना सांगावा जातो.