माळ्याची चकचकीत वेल

फार फार वर्षांपूर्वी, राजे आपापल्या बागांवरून ओळखले जात तेव्हाची ही गोष्ट. एका राजवाड्यात एक माळी होता. त्याच्या बागेत कुरतडलेलं पान औषधालाही सापडत नसे. रोज सकाळी ओलं फडकं घेऊन तो एकेक पान वरून-खालून पुसायचा. ही शिस्त त्याच्या आजोबांनी घालून दिलेली, आणि तिचा त्याला भारी अभिमान.

एक दिवस थोरल्या राणीसाहेबांनी त्याला बोलावलं. त्यांची दृष्टी अधू होत चालली होती आणि वैद्यांनी डोळ्यांना जेमतेम वर्षभराची मुदत दिली होती. त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरी लाल अंगाची काळी फुलपाखरं असायची. डोळे आहेत तोवर एकदा पाहायची आहेत."

माळ्यानं रानातल्या म्हाताऱ्या वैदिणीकडून सापसंदाची वेल आणली. त्या फुलपाखरांना हीच वेल लागते, एवढं सांगून ती आपल्या वाटेला लागली. माळ्यानं मांडव घातला, वेल सरसर चढली. एखादं फुलपाखरू यायचं, पानांखाली क्षणभर घुटमळायचं आणि राणीसाहेबांची पालखी येईपर्यंत भिंतीपलीकडे गेलेलं असायचं.

माळी पुरता चक्रावला. पाणी कमी म्हणावं, तर माती ओली. ऊन जास्त म्हणावं, तर शेजारचा मोगरा मजेत. ज्योतिष्याच्या सांगण्यावरून त्यानं मांडवाचं तोंड पूर्वेला केलं. आचाऱ्याच्या सांगण्यावरून गुळाचं पाणी शिंपडलं, तर मुंग्या तेवढ्या आल्या. मग तो पानं दिवसातून दोनदा पुसू लागला. पानांखालचे शेंदरी ठिपके नखानं खरवडायचा आणि काटेरी अळ्या दिसल्या की पाचोळ्याच्या आगीत टाकायचा. खरं सांगतो, मला त्याचा राग येत नाही. बिचारा जिवापाड राबत होता.

वर्ष सरत आलं तेव्हा वैदीण पुन्हा आली. वेल पाहून तिनं कपाळाला हात लावला.

"येक बी पान खाल्लेलं न्हाई?"

"एकही नाही," माळी ताठ मानेनं म्हणाला. "ठिपका दिसला की खरवडतो, अळी दिसली की आगीत."

"आरं बाबा, ते ठिपके म्हंजी फुलपाखरांची अंडी, अन् त्या अळ्यांचीच फुलपाखरं व्हत्यात. रोज सकाळी तूच जाळत व्हतास त्यास्नी."

माळ्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. त्या दिवसापासून त्यानं ते पुन्हा उचललं नाही. अळ्यांनी वेलीची पार चाळण करून टाकली. ते पाहवत नसे, म्हणून तो तिच्याकडे पाठ करून काम करायचा. ही बाग राखणं आहे की बुडवणं, हे काही त्याला नीटसं उमगेना.

महिन्या-दीड महिन्यात मांडव फुलपाखरांनी भरून गेला. माळी धावत सांगायला गेला. दासींनी राणीसाहेबांना हाताला धरून आणलं, कारण आठवड्यापूर्वीच त्यांचे डोळे गेले होते.

"आली का रे?" त्यांनी विचारलं.

"आली, राणीसाहेब," माळी म्हणाला. "तुमच्यासाठी कधीचीच येत होती. मीच येऊ दिली नाहीत."

बोध: ज्याला फुलपाखरं हवीत, त्यानं अळ्यांना पानं खाऊ द्यावीत.