नकाशावर नसलेलं विमान

“नकाशावर नाही म्हणजे आभाळात नाही. बरोबर ना, वस्ताद?”

सन्मती मगदूमनं विचारलं खरं, पण त्याला उत्तर नको होतं. साक्षीदार हवा होता.

बाबालाल शिकलगार गच्चीच्या शेवटच्या पायरीवर धापा टाकत उभे होते. उभी हयात पोलिसांच्या बिनतारी खात्यात गेलेली. इचलकरंजीतल्या निम्म्या हौशी पोरांना अँटेना कापायला त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना एकाशीही गोड बोलले नाहीत. तरी सगळे त्यांना वस्ताद म्हणत.

“बसायला तरी सांगशील का नाही?”

सन्मतीनं खुर्ची ओढली आणि स्वतः उभ्याउभ्याच गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं बापाबद्दल होतं.

आदगोंडा अण्णा ब्याऐंशी वर्षांचे. गुडघे गेलेले, दिवसभर घराच्या पुढच्या सोप्यात खाटेवर. महिना झाला, रोज सकाळी म्हणायचे, विमान गेलं. बारकं, एका पंख्याचं, घरावरूनच. दहा मिनिटांनी परत म्हणायचे, तेच आलं फिरून. जन्मभर शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, त्यामुळे इंजिनाची जातही सांगायचे.

सन्मती यंत्रमागाच्या शेडमधून फोनवर विमानांचा नकाशा बघायचा. नकाशा मोकळा. वस्तीजवळच्या माळावरची धावपट्टी बारा वर्षं बंद, तिथं शेरडं चरतात. मग विमान येणार कुठून?

दुसऱ्या कुणाला विचारावं, तर सकाळी सात ते बारा अख्खी वस्ती मागांच्या खडखडाटात. त्या वेळात शेडमध्ये कुणाला शेजारच्याची शिवीसुद्धा ऐकू येत नाही. सन्मतीची बायकोही तिथंच कांड्या भरत असते. राहिला नकाशा.

आणि नकाशावर सन्मतीचा भारी जीव. विमानं उडता उडता आपला ठावठिकाणा हवेत सांगत जातात. गच्चीवर अँटेना उभी केली, खाली रिसीव्हर जोडला, की ते बोलणं पकडता येतं आणि विमान घरच्या नकाशावर सरकताना दिसतं. जितक्या लांबचं पकडाल तितका तुमचा पल्ला. हौशी लोकांची यादी असते, पल्ल्याप्रमाणे नंबर लागतात. सन्मतीचा राज्यात दुसरा होता. पहिल्या नंबराच्या माणसाचं नाव काढलं तरी त्याचं डोकं फिरायचं.

असल्या माणसाला बाप सांगणार, तुझ्या नकाशात नाही ते विमान मला ऐकू येतं! एकदा, दोनदा, दहादा. शेवटी एका सकाळी सन्मती बापाच्या अंगावर ओरडला. दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं, नकाशा दाखवला आणि सांगितलं, यांना भास होतात. मुलगा शिकलेला, डिप्लोमावाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. तेव्हापासून चार दिवस अण्णा दिवसाही झोपतात. जागे झाले की विमान म्हणतातच.

“सोमवारी मोठ्या दवाखान्यात भरती करायचं ठरलंय,” सन्मती म्हणाला. “जात नाही म्हणतात. मग म्हणाले, बाबालालला बोलाव. त्यानं सांगितलं विमान नाही, तर मी मुकाट्यानं गाडीत बसतो. तुम्ही खाली जाऊन एवढंच सांगायचं.”

वस्ताद खुर्चीतच मागं वळले.

त्यांची नजर गच्चीच्या कोपऱ्यातल्या लोखंडी पाइपवर होती. वर अँटेना. तिच्यातून उतरलेली केबल पाइपच्या बुडाशी एका प्लास्टिकच्या डब्यात शिरलेली.

“पल्ला किती म्हणालास?”

सन्मतीचा चेहरा उजळला. “तीनशे ऐंशी किलोमीटर. समुद्रावरची विमानं पकडतो इथून.”

“डब्यात काय आहे?”

“बूस्टर.”

“किती?”

“दोन. एकापुढे एक.”

“रिसीव्हरचा जोर?”

“फुल्ल.”

“मी शिकवलं तेव्हा एक तरी बूस्टर होता का?”

“तेव्हा पल्लाही निम्माच होता, वस्ताद.”

...

वस्तादांच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. सन्मतीला वाटलं, यांना पोटशूळ उठला. चेला पुढं गेला की गुरूला सोसत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. तोही मग तापला. तुमचा जमाना गेला, आता आकडे बोलतात, असं तो बरंच काही बोलत गेला.

त्या दिवशी लाइनच्या कामासाठी वीज बंद होती. वस्तीतले सगळे माग उभे. फक्त गच्चीवरचं यंत्र तेवढं इन्व्हर्टरवर चालू होतं. एवढी शांतता त्या वस्तीला सवयीची नव्हती, आणि सन्मती ती बोलून भरून काढत होता.

बोलता बोलता त्यानं फोन वस्तादांच्या नाकासमोर धरला. “हे बघा. आत्ताही मोकळा. आपल्या वस्तीवर काही आहे का? आहे का काही?”

वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली आणि फोनवर पालथी घातली.

“वर बघ.”

सन्मतीनं वर बघितलं.

पांढरं, बारकं विमान. एका पंख्याचं. इतकं खाली की चाकं मोजता यावीत. घरघर करत घरावरून गेलं, माळाकडे वळलं आणि बंद धावपट्टीच्या दिशेनं उतरत दिसेनासं झालं.

...

सन्मतीनं टोपी उचलली आणि फोनमध्ये बघितलं.

“नकाशावर तर नाही,” तो म्हणाला.

आता मात्र वस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते खुर्चीतून उठले ते गुडघ्यांना न विचारताच. डब्याचं झाकण त्यांनी उचकटलं, आतले दोन्ही बूस्टर पिळून काढले, केबलची दोन टोकं एकमेकांना जोडली. मग सन्मतीला दरडावून रिसीव्हरचा जोर खाली आणायला लावला. त्यानं आणला. त्या आवाजापुढे नाही म्हणायची त्याची टाप नव्हती.

“कानाला कर्णा लावून बसलायस,” वस्ताद म्हणाले. “एक नाही, दोन. लांबचा कुजबुजला तरी ऐकू येतं. जवळचा बोलला की नुसता गोंगाट. यंत्राला त्यातला शब्द कळत नाही, ते टाकून देतं. आणि तू म्हणतोस कुणी बोललंच नाही.”

दोघं उभे राहिले. पाच मिनिटं गेली असतील.

माळावरून पुन्हा घरघर उठली. ह्या खेपेला नकाशावर ठिपका उमटला. अडीच किलोमीटर. दोन. एक. विमान घरावरून गेलं तेव्हा ठिपका घरावरच होता. कुठलीशी उड्डाणशाळा गाजावाजा न करता ती जुनी धावपट्टी वापरायला लागली होती. शिकाऊ पोरं माळाभोवती गिरक्या मारत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. ती लांब कधी गेलीच नाहीत. त्यामुळे सन्मतीला कधी सापडलीही नाहीत.

पण सन्मती ते बघत नव्हता. नकाशाच्या कडेची विमानं बघत होता. समुद्रावरची, गोव्यापलीकडची. एकेक पुसली जात होती. तीनशे ऐंशी... अडीचशे... दोनशेच्या आत. राज्यातला दुसरा नंबर त्याच्या डोळ्यांदेखत गेला. चार वर्षांची मेहनत, पोटाला चिमटा घेऊन आणलेलं सामान, सगळं त्याला आठवलं.

त्याचा हात बूस्टरकडे गेला.

“वस्ताद, एक तरी राहू दे. एकच.”

वस्तादांनी दोन्ही बूस्टर उचलले आणि गच्चीवरून खाली फेकले. मागच्या दगडांवर आपटल्याचा आवाज आला. सन्मतीच्या तोंडून शिवी निघता निघता राहिली.

“चार दिवस,” वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता आणि त्यामुळे जास्तच बोचत होता. “चार दिवस धडधाकट डोक्याच्या माणसाला गुंगीत ठेवलंस. तो काय सांगतोय ते ऐकायला काय लागत होतं रे? माग दहा मिनिटं बंद करून खाटेवर बसायचं. त्याला अँटेना लागत नाही.”

सन्मती तावातावानं बोलायला गेला.

तेवढ्यात खाली सोप्यात अण्णा खोकले. उठून बसायची धडपड चालली असावी, खाट करकरली. गोळीच्या गुंगीत जड झालेल्या जिभेनं ते कुणाला तरी हाक मारत होते. नाव नीट उमटत नव्हतं. बायको पाणी घेऊन गेल्याचं ऐकू आलं.

सन्मतीला त्यांना रिक्षात घातलं ती सकाळ आठवली. अण्णांनी दाराची चौकट घट्ट धरली होती आणि त्यानं एकेक बोट सोडवलं होतं. तो कठड्यावर बसला. हातातला फोन त्यानं पालथा ठेवला.

वस्तादांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि जिन्याकडे निघाले.

“वस्ताद.”

ते थांबले, वळले नाहीत.

“गोळ्या आत्ताच डॉक्टरला विचारून बंद करतो. सोमवारचंही रद्द करतो. पण... खाली गेल्यावर अण्णांना काय सांगू?”

“काही सांगू नको. विचार.”

“काय विचारू?”

“आत्ता कुठलं गेलं ते.”