सुभेदार कॅपिटोचं न पडणारं स्मारक

"याचा चुना करून दे," सुभेदार कॅपिटो म्हणाला, आणि त्याच्या माणसांनी गाडीतून संगमरवराचा एक भलामोठा पुतळा भट्टीपुढे आडवा केला.

पुतळा आधीच्या सुभेदाराचा होता. रोमच्या राज्यातल्या वेंटिया गावची रीतच ती. नवा सुभेदार आला की जुन्याची कमान पाडायचा, तिच्याच दगडांतून आपली उभारायचा आणि जुन्याचा पुतळा चुन्याच्या भट्टीत घालायचा. गावाला धड रस्ता नव्हता, बायाबापड्यांना साधा आडोसा नव्हता, पण कमान मात्र दर खेपेला नवीकोरी!

भट्टी हेल्विया चालवायची. तिच्या बापाचे डोळे चुन्याने गेले होते. तिने पुतळ्याकडे पाहिलं.

"यांनीही त्यांच्या आधीच्यांना इथंच आणलं होतं, सरकार. नाक आधी तडकतं."

कॅपिटोचा हात नकळत नाकाकडे गेला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी त्याने हेल्वियाला बोलावून घेतलं.

"असं स्मारक बांध की माझ्यानंतरचा कुणीही ते पाडणार नाही. मी राजधानीहून परत येईपर्यंत उभं पाहिजे. नाहीतर तुझ्या बापाला खाणीवर धाडीन. फार बोलतेस तू."

आंधळा म्हातारा खाणीवर टिकलाच नसता. हेल्विया थेट गावच्या गवंड्याकडे, टर्टियसकडे गेली.

"बाई, बांधलेलं पाडता येतंच," तो म्हणाला. "मी दोन्हींची मजुरी घेतो."

"पण पाडायला सांगतात कशासाठी?"

"दगडासाठी. आयता घडीव दगड कोण सोडेल?"

"मग आपण दगडच वापरायचा नाही," हेल्विया म्हणाली.

नदीकाठी फळ्यांचे साचे उभे राहिले. फुटकी कौलं, विटांचे तुकडे, आधीच्या सुभेदाराचा चुना आणि ज्वालामुखीची राख असं सगळं कालवून साच्यांत ओतलं. हे मिश्रण पाण्यातही घट्ट होतं. खालून नदीचं पाणी खेळवलं.

कॅपिटो परतला तेव्हा तिथे एक बुटकी, लांबलचक इमारत उभी होती. लोक घाईघाईने आत जात होते आणि सावकाश बाहेर येत होते. दारावर भिंतीतच ठसवलेलं त्याचं नाव होतं. तो आत डोकावला. लांब ओटा, ओट्याला ओळीने भोकं, खाली वाहतं पाणी.

"संडास?" तो लालबुंद झाला. "माझं स्मारक म्हणजे संडास?"

"पाडून पाहा, सरकार," हेल्विया म्हणाली.

टर्टियसने पहार घातली. पहार वाकली. बऱ्याच वेळाने मूठभर चुरा पडला.

"यातून कोंबड्यांचं खुराडंसुद्धा व्हायचं नाही," तो हिरमुसून म्हणाला.

"नवा सुभेदार हट्टाने पाडेल!" कॅपिटो ओरडला.

"आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाईल कुठे?" हेल्वियाने विचारलं. "शिवाय गाव त्याला सोडेल? कमानीवरचं नाव कोण वाचतं, सरकार? इथं तुमचं नाव रोज सगळ्यांच्या तोंडी आहे. गावात आता कुणी परसाकडे जातो म्हणतच नाही."

"मग काय म्हणतात?"

तेवढ्यात एक म्हातारा धोतरासारखा गुंडाळलेला अंगरखा सावरत धावत आला आणि सुभेदारालाच कोपराने ढकलत म्हणाला, "अहो, सरका बाजूला! मला कॅपिटोकडे जायचंय!"

कॅपिटो आ वासून बघत राहिला. मग त्याच्या पोटातून जे हसू उसळलं ते काही केल्या थांबेना. त्याने डोळे पुसले.

"जिंकलीस, पोरी. माग काय हवं ते."

"बाबा घरीच राहू देत. आणि राजधानीहून तुम्ही तुमचा पुतळा घडवून आणलाय म्हणे?"

"आणलाय. गाडीतच आहे. का?"

"तो भट्टीवरच उतरवा, सरकार. नाहीतरी तिथेच यायचाय."

कॅपिटो पुन्हा गदगदून हसला, हात मात्र नाकावर होता. त्याने खूण केली आणि गाडी भट्टीकडे वळली.