भांगाला मोजलेलं खाजण

पूर्वी वेलापत्तन नावाच्या बंदरात वरुणसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका रज्जुग्राहकाचा जन्म घेतला होता. रज्जुग्राहक म्हणजे राजाची जमीन दोरीने मोजणारा अधिकारी. मोजणी झाली की तो दोरीला गाठ मारी, आणि त्या गाठीशिवाय राजालासुद्धा जमीन दान देता येत नसे. गाठ चुकीची ठरली, तर त्याचे पद जाई.

ते बंदर झपाट्याने वाढत होते. गलबतांची गर्दी झाली, वखारींना जागा पुरेना. तेव्हा नंदिय नावाच्या व्यापाऱ्याची नजर गावाबाहेर किनाऱ्यालगतच्या खाजणावर गेली. तिथे चिखलात तिवरांचे दाट रान होते आणि रानाआड कोळ्यांची शंभर घरे. तिवरे तोडून भराव घालायचा आणि वखारी उठवायच्या, म्हणून त्याने ती जागा राजाकडे मागितली. राजा हो म्हणाला.

अष्टमीला मोजणी झाली. बोधिसत्त्वाचा जन्म घाटावरचा, दर्याचे चढउतार त्याला ठाऊक नव्हते. पायाखाली चिखल वाळलेला दिसला, त्याने खुंट्या ठोकल्या आणि गाठ मारली. शहाण्या माणसाच्या हातूनही घाईत अशी चूक होते. पुनव सरली की कुऱ्हाडी चालणार होत्या.

परतताना चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, वेचणाऱ्या सोणा नावाच्या म्हातारीने त्याला हटकले.

"बाबा, अष्टमीला दोरी धरलीस? तवा दर्याला भांग असतो, पाणी वर चढतच नाय. पुनवेच्या उधाणाला ये, मग सांग जमीन कुठं हाय ती."

पुनवेला भरदुपारी तो आला. खुंट्या दिसतच नव्हत्या. सारे खाजण पाण्याखाली होते. लाटा तिवरांत शिरत, तिथेच त्यांचा जोर मोडे, आणि कोळ्यांच्या दारांपर्यंत नुसते संथ पाणी पोचे. बोधिसत्त्वाला आपलीच लाज वाटली.

नंदियला हे कळले तेव्हा तो गोडीने म्हणाला, "गाठ तुमची आहे. ती सोडलीत तर पद तुमचंच जाईल. गप्प राहिलात तर कोण विचारतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भर सभेत बोधिसत्त्वाने दोरी राजापुढे ठेवली आणि स्वतःच्या हाताने गाठ सोडली. "महाराज, माझी मोजणी चुकली. मी भांगाला मोजलं."

राजा संतापला. "मी शब्द दिला आहे! तुझ्यापायी मी खोटा पडू?"

"महाराज, दिलेला शब्द परत घेता येईल. रान तोडल्यावर ती शंभर घरं वाहून गेली, तर ती परत आणता येणार नाहीत."

राजाने स्वतः पाहायचे ठरवले. उधाण अजून ओसरले नव्हते, म्हणून त्याच दुपारी तो नंदियला घेऊन किनाऱ्यावर आला. त्याने दोरीचे एक टोक बोधिसत्त्वाच्या हाती दिले आणि दुसरे नंदियच्या हाती देऊन त्याला त्याच्या होणाऱ्या वखारीच्या जागी उभे केले. पाणी गुडघ्याला लागले, मग कमरेला, मग छातीला. शेवटी नंदियने दोरी टाकली आणि जवळच्या तिवराला मिठी मारली. "महाराज, मला बाहेर काढा!" तो ओरडला. बोधिसत्त्वच पाण्यात उतरला आणि त्याला हात धरून बाहेर घेऊन आला.

राजा म्हणाला, "ही जागा दर्याची आहे. जी माझी नाही ती मी देऊ कशी? इथे कुऱ्हाड चालणार नाही."

पण नियम तो नियम. बोधिसत्त्वाकडून दोरी काढून घेण्यात आली. तो राजाला वंदन करून रिकाम्या हाताने निघाला. वाटेत सोणा उभी होती. तिने आपली एक टोपली त्याच्या हातात दिली.

"चल बाबा, ओहोटी लागली."

त्या दिवसापासून तो कोळ्यांबरोबर तिसऱ्या वेचून सुखाने राहिला.

एवढी कथा सांगून भिक्षुसंघाचे गुरू शास्ते समोरच्या भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आताचा माझा शिष्य आनंद. सोणा ती भिक्षुणी उत्पलवर्णा. नंदिय म्हणजे कुटी वाढवण्यासाठी आपल्या विहाराचे तळे बुजवायला निघालेला, हा समोर बसलेला भिक्षू. आणि ज्याची मोजणी चुकली तो मी. आपली चूक चारचौघांत कबूल करणे, हीच त्या जन्मातली माझी सत्यपारमिता, सत्याची परिपूर्ण साधना."

तो भिक्षू उठला, तळ्याकाठी गेला आणि तिथे भरावासाठी रचलेली माती उचलून परत नेऊ लागला.